धनुर्मासातलं जिनोआ

डिसेंबर लागला की गांधी बाजारच्या फुटपाथवर अवरेकायचे ढीग येऊन बसतात आणि माझ्या उजव्या अंगठ्याला आपोआप खाज सुटते. अवरेकाय म्हणजे आपल्या पावट्याची बंगळुरातली बहीण. रूप तेच, पण अंगाला एक तेलकट, हिरवा, जरासा उग्र वास. त्या वासाला इथं सोगडु म्हणतात. शेंग नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि सोगडु आहे की नाही याचा निकाल द्यायचा. आमच्या घरात हे काम सासऱ्यांकडे होतं. ते गेल्यावर माझ्याकडे आलं. मला त्यातलं अजूनही काही कळत नाही. मी डोळे मिटते, मनात पाच म्हणेपर्यंत थांबते आणि "स्वल्प कमी आहे" असं पुटपुटून पुढच्या ढिगाकडे जाते. पुढच्या ढिगाकडेही तेच करते. तिसऱ्यावर घेते. शेंगवाल्या बायकांना हे पाठ झालंय. माझ्या ओळखीची एक तर हल्ली दुसऱ्या दोघींना उगाच त्रास नको म्हणून मला पाहताच हात करून बोलावते.

यंदाही पिशवीभर शेंगा आणल्या, सोलल्या, दाणे रात्रभर पाण्यात घातले. सकाळी लाल फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, मधे परात ठेवली आणि आम्ही दोघं नवराबायको समोरासमोर बसलो. म्हणजे हे फरशीवर, मी स्टुलावर. माझे गुडघे आता फरशीशी बोलत नाहीत. भिजलेला दाणा अंगठा आणि बोट यांत धरून चिमटायचा. साल हातात राहते, आतला दाणा सुळकन परातीत. एवढंच काम, पण हजार वेळा. तेवढ्यात फोन वाजला. चिनूचा निरोप होता.

चिनू म्हणजे चिन्मयी, आमची एकुलती एक. राहते हेब्बाळला. एकाच गावात असून मधल्या वाहतुकीमुळं ती आम्हाला अमेरिकेतल्या लेकीइतकीच दिसते. तिची कंपनी तिला तीन महिन्यांसाठी इटलीला पाठवते आहे, बंदरातले कंटेनर कुठं रचायचे ते सांगणारं काहीतरी बसवायला. गाव जिनोआ. राहायच्या तीन जागा तिनं फोटोंसकट पाठवल्या होत्या. एक जुन्या बंदरालगत, खिडकीतून जहाजं दिसणारी. एक टेकडीवर. एक गावाबाहेर, कोळ्यांच्या वस्तीजवळ. खाली लिहिलं होतं, "आईबाबा, एक निवडा. संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर जाईल."

मी फोन पालथा ठेवला. नवऱ्यानं विचारलं, काय ग. मी म्हटलं, काही नाही. आणि पुढचा दाणा इतक्या जोरात चिमटला की तो परात ओलांडून थेट देवघराच्या उंबऱ्याशी गेला.

जिनोआत कुठं राहायचं, हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदा येऊन गेला होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, याच महिन्यात, याच फरशीवर.

मी मूळची बेळगावची. लग्न होऊन बंगळुरातल्या बसवनगुडीत आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. ही माणसं कित्येक पिढ्या इथं राहिलेली. मराठी बोलायची, पण त्यातला निम्मा माल कानडी. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का. नवऱ्याचं नाव गुरुराज. तोंडानं हे नाव मी आजवर घेतलेलं नाही, त्यामुळं लिहिताना पोट भरून घेते आहे. लग्नानंतर आम्हाला जी खोली मिळाली ती घराच्या पोटात होती. तिला खिडकी होती. खिडकीच्या बाहेर हात काढला की कोपर वाकायच्या आत शेजाऱ्यांची भिंत लागायची. पावसाळ्यात त्या भिंतीवर शेवाळ यायचं, उन्हाळ्यात ते वाळून काळं पडायचं. ऋतू बदलल्याचं मला त्या भिंतीवरून कळायचं.

छळ झाला असता तर बरं, असं मला तेव्हा अनेकदा वाटायचं. माहेरी पत्र लिहायला काही विषय तरी मिळाला असता. पण त्या घरात सगळे प्रेमळ होते, आणि प्रेमळ माणसांच्या तावडीतून सुटणं फार कठीण. मी बाजारात निघाले की अक्का लगेच, "थांब ग वैजू, मीही येते, एकटी कशाला?" मी पुस्तक घेऊन बसले की अण्णा, "मोठ्यानं वाच की, आम्हीही ऐकतो." आंघोळीचा क्रम ठरलेला, जेवायच्या पाटांच्या जागा ठरलेल्या. नवरा आठवड्यातले पाच दिवस कनकपुऱ्याच्या पलीकडे दगडाच्या खाणीवर. दुपारी मी त्या खिडकीशी उभी राहायचे. अक्का विचारायच्या, काय बघायलीस? मी म्हणायचे, काही नाही. आणि ते अगदी खरं असायचं.

गुरुराज ग्रॅनाइट परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत होते. खाणीतून निघालेला दगड चांगला की वाईट ते सांगायचं, हे त्यांचं काम. दगडात केसासारखी बारीक चीर असते, ती कोरड्या डोळ्याला दिसत नाही. मग काय करता, असं मी लग्नानंतर विचारलं होतं. ते म्हणाले, दगडावर पाणी मारायचं आणि थांबायचं. दगड वाळतो, चीर ओली राहते. एवढंच. मला वाटलं, याला काय नोकरी म्हणायची? पाणी मारून थांबायला पगार. पुढे कळलं की थांबणं हेच त्यातलं कसब. नवशिकी माणसं दगड वाळायच्या आत बोलून मोकळी होतात.

त्यांच्या कंपनीचा माल मद्रासच्या बंदरातून जिनोआला जायचा. तिथं उतरताना दगड तडकलेला निघाला की भांडण: चीर आधीची की वाटेतली? हे सांगायला आपला माणूस तिथंच असावा, असं मालकांच्या मनात आलं. दोन वर्षं. बायकोला नेता येईल. कडलेकाय परिषेच्या आठवड्यात, म्हणजे बसवण्णाच्या देवळाच्या रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते त्या दिवसांत, गुरुराज एक जाड लिफाफा घेऊन आले. त्यात तिथल्या कचेरीनं सुचवलेली तीन घरं आणि एक छापील फॉर्म होता. तिन्ही घरांपुढं चौकोन. त्यांत पसंतीचे आकडे घालून कळवायचं, मग ते घर ठरवतील.

पहिलं घर म्हणजे खरं तर एक खोली. जुन्या बंदराला लागून असलेल्या गल्लीत, चौथा मजला, लिफ्ट नाही, कोपऱ्यात शेगडी. तिच्या वर्णनात एक वाक्य होतं, ते मला आजही पाठ आहे: खिडकी बंदरावर उघडते. दुसरं टेकडीवर, तीन खोल्या, गच्ची, खाली उतरायला दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे. तिसरं गावाबाहेर समुद्रकाठी, तळमजल्यावर मासेवाल्याचं दुकान.

मी लिफाफा वाचला आणि आत जाऊन खिडकीशी उभी राहिले. भिंत होती तिथंच होती. पण मला ती पहिल्यांदा थोडी पातळ वाटली.

उत्तर वर्ष संपायच्या आत हवं होतं. इतर कोणत्याही घरात संध्याकाळी आकडे घालून फॉर्म सकाळी गेला असता. आमच्या घरात अण्णांनी पंचांग काढलं. धनुर्मास लागायला चार दिवस होते. धनुर्मासात पहाटे चांदण्या असताना पूजा करायची, मुगाच्या हुग्गीचा, म्हणजे खिचडीचा, नैवेद्य दाखवायचा, पण नवं काही धरायचं नाही. लग्न ठरवायचं नाही, घर तर नाहीच नाही. चार दिवसांत ठरवू, असं गुरुराज म्हणाले. अण्णा म्हणाले, घर काय, भाजी आहे? चार दिवसांत घर ठरवणारी माणसं मी सर्वे खात्यात बघितली आहेत, त्यांची घरं उताराला आहेत. शेवटी कंपनीकडून तिकडे विनंती गेली की संक्रांतीनंतर कळवतो. ते लोक नाताळच्या सुट्टीवर निघाले होते, त्यांनी बरं म्हटलं. तिकडे नाताळ, इकडे धनुर्मास. दोन्ही देशांनी मिळून मला एक महिना आणखी भिंतीसमोर ठेवलं.

तो महिना अवरेकायचा. रोज जेवणं आटोपली की परातीभोवती बैठक बसायची. विषय एकच. अण्णा सर्वे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळं कुठलंही गाव नकाशावर दिसल्याशिवाय ते अस्तित्वात आहे असं मानायचे नाहीत. त्यांच्या अ‍ॅटलासात जिनोआ मोहरीएवढं होतं. "वैजू, भिंग आण." भिंगातून ते ज्वारीएवढं झालं. मग ते लायब्ररीतून तीस वर्षं जुनं प्रवासाचं पुस्तक घेऊन आले आणि त्यातली माहिती बंगळुरात आणून समजावू लागले. बंदर म्हणजे त्यांचं सिटी मार्केट. हमाल, चिखल, आरडाओरडा. तिथं घरंदाज माणूस राहतो का? टेकडी म्हणजे त्यांची बसवनगुडी. उंच, शांत, हवा चांगली. आणि ते तिसरं, कोळ्यांचं, म्हणजे हेब्बाळ. ना गावात, ना शहरात. हेब्बाळला कोण मरायला जातो? (अण्णांची नात आज तिथं अकराव्या मजल्यावर राहते. भाडं ऐकलं असतं तर त्यांनी भिंग मागवलं असतं.)

अक्कांचा नकाशा वेगळा होता. स्वयंपाकघर स्वतंत्र आहे का? आधी राहिलेल्यांनी त्यात काय काय शिजवलं असेल? नळाला पाणी चोवीस तास की दिवसाआड? मासेवाल्याच्या डोक्यावर राहून सोवळं कसं पाळणार, या प्रश्नावर तिसरं घर पहिल्याच दिवशी बाद झालं. पण अक्का रोज ते नव्यानं बाद करायच्या. दोनेक वेळा मी म्हणून बघितलं की बंदराची खोली वाईट नाही, ऑफिस जवळ पडेल. अण्णांनी लगेच वहीतल्या कागदावर जिन्याच्या पायऱ्या काढल्या, चार मजल्यांच्या, आणि पाण्याची घागर घेऊन चढणारी एक बाई काढली. ती माझ्यासारखी दिसत होती. सगळे हसले. मीही हसले.

कुठं राहायचं हे निवडताना माणूस घर निवडत नसतो, असं मला आता वाटतं. तिथं आपण कोण असू, ते निवडत असतो. बंदराच्या खोलीतली मी उभ्यानंच पाव खायची. केस मोकळे. खाली जहाज भोंगा वाजवायचं आणि मी खिडकीतून वाकून बघायची, आणि काय बघायलीस असं विचारायला कोणी नसायचं. नवरा संध्याकाळी चार जिने चढून यायचा, अंगाला दगडाची भुकटी, आणि आम्ही दोघं एका ताटात जेवायचो. टेकडीच्या घरात माझा चेहरा काही केल्या दिसायचा नाही. फक्त पाठ दिसायची, ओट्याकडे वळलेली.

दुपारी सगळे लवंडले की मी आतल्या खिडकीशी जायचे. समोरच्या भिंतीवरचं शेवाळ वाळून त्याचे ठिपके झाले होते. त्यातला मोठा ठिपका मी जहाज ठरवला. बाकीच्या लहान ठिपक्यांना होड्या. बोटांच्या टोकांवर अवरेचा काळपट हिरवा डाग, कितीही लिंबू चोळलं तरी न जाणारा. हे मी कोणाला सांगितलं नाही. सव्वीस वर्षांची, पदवी घेतलेली बाई भिंतीवर जहाजं खेळते, हे सांगण्यासारखं नव्हतंच.

मग एके दिवशी हुग्गीवर तूप वाढून घेता घेता अण्णा सहज म्हणाले, "टेकडीवर तीन खोल्या आहेत की. मग आम्ही दोघं इथं काय करायचं? उन्हाळ्यानंतर आम्हीही येतो. तिकिटांचं मी बघतो."

अक्का नुसत्या हसल्या. गुरुराज रविवार असल्यानं घरी होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तूप वाढत होते. तुपाची धार मी मोडू दिली नाही, याचा मला नंतर फार अभिमान वाटला. पण आत काहीतरी बंद झाल्याचा आवाज झाला. चार हजार मैल जायचं, समुद्र ओलांडायचे, आणि तिथं गेल्यावर हीच परात, हाच क्रम, हेच "मोठ्यानं वाच की". अक्कांनी तर अवरेचे दाणे वाळवून न्यायचं ठरवलंही.

आणि त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली, जी आठवली की अजून माझी बोटं थांबतात. अण्णा बाहेर गेले होते. परातीशी आम्ही दोघीच. अक्का खाली मान घालून दाणे चिमटत होत्या. अचानक आवाज उतरवून म्हणाल्या, "वैजू, त्या बंदराच्या खोलीतनं जहाज अगदी जवळ दिसतं काय ग?"

मी म्हटलं, दिसत असेल.

"म्हणजे त्यावरची माणसंही दिसत असतील."

मी म्हटलं, असतील. त्या पुढचा दाणा चिमटू लागल्या. चाळीस वर्षं त्या या घरात होत्या. मद्रासला एकदा गेल्या होत्या, तेही लग्नाला, आणि तिथला समुद्र लांबून, बसच्या खिडकीतून बघितला होता. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि त्याचं काही करणं, यात मी तेव्हा बरंच अंतर ठेवलं होतं. बंदराची खोली एक होती. एका खोलीत चार माणसं मावत नाहीत. मला तर तेच हवं होतं.

संक्रांत आली. तिळगूळ, खोबऱ्याचे काप, ऊस, सगळं झालं. गुरुराजांनी फॉर्मवर सही केली आणि ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं खाणीवर गेले. जाताना मला म्हणाले, आकडे घरात ठरतील तसे घाल आणि बूथवरून फॅक्स कर. अण्णांनी चौकोनांत पेन्सिलीनं आकडे घातले. सर्वे खात्याची सवय, आधी पेन्सिल, मग शाई. टेकडी एक, बंदर दोन, मासे तीन. "सरी, ठीक आहे, आता यावर शाई फिरव आणि पाठव," म्हणाले. मी बाजारात एकटी निघाले. त्या दिवशी अक्का का कोण जाणे, मीही येते म्हणाल्या नाहीत.

गांधी बाजारच्या कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ होतं. तिथले चष्मेवाले गृहस्थ कुठलाही कागद यंत्रात घालण्याआधी पूर्ण वाचून काढायचे. माझ्यापुढं दोघं होते. मी भिंतीशी उभी राहिले, पर्समधून पेन काढलं, आणि टेकडीपुढचा अण्णांचा आकडा बोटानं चोळायला लागले. खोडरबर नव्हता. बोटाला थुंकी लावून चोळला. अर्धा गेला, अर्धा राहिला, आणि कडेला अंगठ्याचा अवरेचा डाग उमटला. मग बंदरापुढचा दोन पुसून तिथं ठसठशीत एक लिहिला. मासेवाल्यापुढचा तीनही पुसला. बाकीचे दोन्ही चौकोन मी रिकामे ठेवले. दोन लिहिला असता तर तो टेकडीलाच द्यावा लागला असता, आणि टेकडी मला दुसरीही नको होती.

त्या गृहस्थांनी कागद वाचला. डागाकडे बघितलं. कानडीत म्हणाले, "बरोबर आहे ना, बघून घ्या अम्मा. एकदा गेलं की परत बोलावता येत नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. यंत्रानं कागद ओढला, किरकिरलं, आणि दुसऱ्या बाजूनं कागद जसाच्या तसा परत माझ्या हातात दिला. फॅक्सचा हा दोष मला माहीत नव्हता. कागद जातोही आणि जातही नाही. घरी येताना तो कुठं टाकायचा या विचारानं मी घामाघूम झाले. शेवटी तो चार तुकडे करून अवरेच्या सालींच्या टोपलीत दडपला. साली शेजारच्या गाईला जायच्या. जिनोआचा माझा अर्ज तिनं चवीनं खाल्ला असणार.

पुढचे दहा दिवस मी फार चांगली सून होते. अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्कांचे पाय चेपले. सगळं आधीच चुकतं केलं तर पुढं कमी लागेल, असा काहीतरी हिशोब असावा.

मग एका शनिवारी गुरुराज घरी आले, चपला काढल्या, पाणी प्याले आणि म्हणाले, "त्यांनी दुसरा माणूस घेतला."

बंदराची खोली नववर्षाला गेली होती. बाकी काही पसंती कळली नाही, काम तर खोळंबलेलं, म्हणून त्यांनी मद्रासच्या कचेरीतला एक बिनलग्नाचा इंजिनियर नेला, जो कुठंही झोपायला तयार होता. यातलं पसंतीचं मी नंतर माझ्या मनाशी जुळवलं. गुरुराज घरात एवढंच म्हणाले की उशीर झाला. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्यामुळं गेलं. धनुर्मास धरून बसलो मी." उठून त्यांनी अ‍ॅटलास कपाटात ठेवला आणि भिंग त्याच्यावर.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग अक्का म्हणाल्या, जेवून घ्या, गार होतंय, आणि मी पानं घ्यायला उठले. एवढ्याशा गोष्टीनं माणूस आयुष्यभराचा अडकतो. दुसऱ्या दिवशी बोलणं कठीण झालं, आठवड्यानं अवघड, वर्षानं अशक्य. अण्णा त्यानंतर सोळा वर्षं जगले. दर डिसेंबरला, पहिल्या अवरेकायच्या दिवशी, ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "वैजू, माझ्यामुळं ग." आणि मी म्हणायचे, नाही हो अण्णा. ते मान हलवायचे, मी स्वयंपाकघरात जायचे. भिंतीसमोर उभं राहण्यापेक्षा हे जास्त कोंडतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. भिंत निदान माझी माफी मागत नव्हती.

त्या उन्हाळ्यात अक्कांनी आमचं सामान पुढच्या खोलीत हलवलं. स्वतः दोघं आतल्या खोलीत गेले, भिंतीवाल्या. मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "रस्ता दिसतो ग त्या खिडकीतनं. येणारी जाणारी माणसं दिसतात. बघत बस." मला दिवस गेले होते, त्यामुळं हवा लागावी म्हणून असेल असं मी धरून चालले. चिनू त्याच खोलीत वाढली. खिडकीतून बस दिसायची, भाजीची गाडी, आणि डिसेंबरात मागडीहून आलेल्या अवरेच्या पोत्यांचे टेंपो. मी आजही रोज तिथं बसते. आता मला कोणी अडवत नाही. दारं सगळी उघडी. गुडघे तेवढे नाही म्हणतात.

तर परवाची सकाळ. परात, वर्तमानपत्र, पालथा फोन. धनुर्मास लागून दोन दिवस झाले होते. मी आणखी थोडे दाणे चिमटले. मग म्हटलं, "अहो, चिनूनं तीन जागा पाठवल्यात. जिनोआच्या."

"बघितल्या मी. माझ्या फोनवरही आल्या."

त्यांचा अंगठा चालूच होता. मी म्हटलं, मग?

"बंदराकडची सांग तिला. तू तेव्हा तीच लिहिली होतीस."

देवघरातली समई तडतडली. मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी वर बघितलं नाही. सांगत गेले, दगडाबद्दल सांगतात त्याच आवाजात. तिकडच्या लोकांनी उत्तराला आपलाच फॉर्म जोडून पाठवला होता. एक ठसठशीत शाईनं. टेकडीपुढं अण्णांचा अर्धवट पुसलेला आकडा. आणि कडेला अंगठ्याचा एवढा डाग, फॅक्समध्येसुद्धा आलेला. खाणीवर कोणाचा अंगठा अवरेनं रंगलेला नसतो, म्हणाले.

मला राग आला. अठ्ठावीस वर्षं या माणसानं पाणी मारून वाट बघितली. मी म्हटलं, "आणि अण्णा? ते बिचारे मरेपर्यंत माझ्यामुळं, माझ्यामुळं करत राहिले. त्यांना तरी सांगायचं होतं."

"त्यांना त्याच दिवशी दाखवला होता. घरात यायच्या आधी, बाहेर कट्ट्यावर."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

गुरुराज थोडे हसले. "म्हणाले, तिला कळू देऊ नकोस. पोर लाजेल. धनुर्मासावर घाल, त्याला सवय आहे."

म्हणजे दर डिसेंबरच्या त्या "माझ्यामुळं ग" मागचं खरं मला ठाऊक असून, त्यांना ठाऊक असून, आम्ही दोघंही एकमेकांना वाचवत बसलो होतो. सोळा वर्षांचे सोळा डिसेंबर. सर्वे खात्यातला माणूस, पेन्सिलीवर खोटी शाई फिरवत राहिला. मी पदर तोंडाला लावला. हसत होते की रडत होते ते नीट सांगता येणार नाही, दोन्हींना तोंड सारखंच होतं.

मग मला दुसरं आठवलं. जहाजावरची माणसंही दिसत असतील, असं म्हणणारा तो उतरवलेला आवाज. "आणि अक्का?" मी विचारलं. "अक्कांना कोणी सांगितलं?"

"अक्काला कधी काही सांगावं लागायचं का?"

मी पुढच्या खोलीकडे बघितलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. बाहेर बस थांबून गेली. आतल्या खोलीत, भिंतीसमोर, अक्का शेवटपर्यंत राहिल्या. ती खोली आम्ही आता अडगळीला वापरतो. मी तिथं फारशी जात नाही.

परात अर्धी भरली होती. मग मी हात पुसले, चष्मा लावला, फोन सुलटा केला. पहिल्यांदा बोटं आपोआप लिहू लागली की स्वयंपाकघर स्वतंत्र आहे का, नळाला पाणी किती वेळ असतं. अक्काच की. मी ते पुसलं आणि लिहिलं: बंदराकडची खिडकी घे. आणि खाली दुसरी पसंतीही लिहून ठेव, मोकळी सोडू नकोस.

लगेच उत्तर आलं. मी गुरुराजांना वाचून दाखवलं, मोठ्यानं. "दुसरी कशाला? ही मिळते आहे की, आत्ता लगेच."

त्यांनी एक दाणा चिमटला, साल बाजूला ठेवली.

"तर मग आत्ताच घे म्हणावं," ते म्हणाले, "धनुर्मास लागलाय."